वेताळवाडी आणि जंजाळा एकाच दिवसात, एकट्यानं, हिवाळ्यात – जमेल का?

कॉपरवायर, जालना

राम राम मंडळी. मी जालन्याचा, वय ४७, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीचा हंगाम म्हणजे आमची सुगी. रात्रीच्या लाइटीवर मोटारी चालतात, व्होल्टेज पडतं, वाइंडिंग जळतं आणि सकाळी दुकान उघडायच्या आत पाणबुडी मोटारींची रांग लागलेली असते. त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत मला आठवड्याला एकच दिवस मिळतो, सोमवार. तो मी डोंगरात घालवतो आणि एकटाच जातो. सहा दिवस कानात ठोकाठोकी आणि गिऱ्हाइकाची घाई असते, सातव्या दिवशी फक्त स्वतःच्या पायांचा आवाज ऐकावा वाटतो.

गेल्या तीन हिवाळ्यांत देवगिरी, भांगसीमाता, लहुगड, अंतूर आणि सुतोंडा एवढे माथे झाले. वहीत प्रत्येकाची नोंद आहे: निघालो किती वाजता, माथा किती वाजता, परत किती वाजता. सुतोंड्याला अख्खा कातळ कापून केलेली ती खाच आणि तिच्यातला दरवाजा बघून मी अर्धा तास जागचा हललो नव्हतो.

आता डोक्यात वेताळवाडी आणि जंजाळा बसलेत. जंजाळा म्हणजेच वैशागड. वाचलं की वेताळवाडीच्या मोठ्या दाराला जंजाळा दरवाजा म्हणतात आणि जंजाळ्याच्या एका दाराला वेताळवाडी दरवाजा. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या नावानं दारं ठेवावीत तसं. ते वाचल्यापासून एकच ध्यास आहे, एका दिवसात दोन्ही दारांतून जायचं.

माझा बेत असा आहे. गाडी वेताळवाडी गावात लावायची, उजाडताच वेताळवाडी किल्ला, तिथून उतरून जंजाळा, जमलं तर घटोत्कच लेणी आणि संध्याकाळपर्यंत परत गाडीपाशी. चालायची सवय आहे, दम टिकतो. शंका आहे ती उजेडाची. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि सहाच्या आसपास जातो. तेवढ्यात हे बसेल का? जानेवारीत वर पाणी प्यायजोगं असतं का? फोन लागतो का? घरून एकच अट आहे, दिवस बुडायच्या आत गाडीपाशी. ती मी आजवर मोडलेली नाही.

ज्यांनी स्वतः हे पायाखालून घातलंय त्यांनी सांगावं.

सिल्लोडकर

भाऊ, जमतं. पण तुम्ही लावलेला क्रम उलटा करा. आधी जंजाळा, मग वेताळवाडी.

कारण सांगतो. वेताळवाडी किल्ल्याला हळदा घाटाचा डांबरी रस्ता अगदी लागून जातो. तट शाबूत, वाट मळलेली, कुठूनही रस्ता दिसतो. तिथून मावळतीच्या उजेडातही माणूस बिनघोर उतरतो. जंजाळा तसा नाही. ते मोठं पसरट पठार आहे. वर गेल्यावर चहूकडं गवत, काठ सगळीकडं सारखाच आणि उतरायची जागा ठरावीक. जे अवघड ते सकाळी ताज्या डोक्यानं करा, सोपं ते संध्याकाळसाठी ठेवा.

माझं काय झालं ते ऐका. सहा वर्षांपूर्वी, जानेवारीतच, मी तुमच्यासारखाच आधी वेताळवाडी करून दुपारी जंजाळ्यावर गेलो. परतताना साडेचार वाजता काठावर आलो. खाली धरणाचं पाणी चमकत होतं, गावातला धूर दिसत होता. म्हटलं आता काय, उतरायचंच तर आहे. डाव्या हाताला एक चांगली मळलेली वाट दिसली, तिला लागलो. ती थोडी उतरली आणि मग आडवी झाली. चाळीस मिनिटं चाललो, वाट काही उतरेना. खाली दोन पुरुष उंचीचा कडा, वर तसाच कडा आणि मधल्या पट्ट्यावर मी. ती गुरांची वाट होती.

आपल्या डोंगराची घडणच तशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचे हे डोंगर. कठीण थराचा उभा कडा होतो, दोन थरांमधला मऊ तांबडा थर झिजतो आणि तिथं आडवा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यावर गवत असतं, म्हणून गुरं तिथं चरत फिरतात आणि वाट मळते. ती डोंगराला प्रदक्षिणा घालते, गावाला नेत नाही. शिवाय अजिंठ्याची रांग उत्तरेकडं, खानदेशाच्या बाजूला, एकदम तुटलेली आहे. दक्षिणेकडं गोदावरीच्या अंगाला ती हळूहळू उतरत जाते.

हे दुसरं ध्यानात होतं म्हणून त्या दिवशी वाचलो. खाली शिरायचा हट्ट सोडला, आल्या वाटेनं मागं फिरलो, पठारावर आलो आणि दक्षिणेला तोंड करून चालत सुटलो. जंजाळा गाव वरच, पठारावर आहे. बॅटरीच्या उजेडात हरभऱ्याची वावरं लागली तेव्हा जीव भांड्यात पडला. एका घरात भाकरी मिळाली, पांघरायला वाकळ मिळाली. घरी मात्र रात्रभर कुणी झोपलं नाही, कारण पठारावर माझा फोन रेंज शोधून शोधून कधीच मेला होता.

म्हणून सांगतो. वर चढताना दर थोड्या वेळानं मागं वळून बघा, उतरताना वाट जशी दिसेल तशी ती डोळ्यांत ठेवा. काठावर पोचलात की पुढं जायची घाई करू नका. तिथं पाच मिनिटं थांबून ती जागा पाठ करा. अडलात तर उत्तरेला उतरायचं नाही, दक्षिणेला वळायचं. फोन चढतानाच एअरप्लेन मोडवर टाका. टाक्यांत पाणी असतं, पण मी ते गाळून-उकळून घेतल्याशिवाय पीत नाही. तीन लिटर खालूनच न्या.

निवृत्त नाईक, लातूर

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, राग मानू नका. एकट्यानं जाऊ नका. नोकरीत डोंगरात बरीच वर्षं काढली. धडधाकट माणूस साध्या उतारावर पाय मुरगळून बसलेला मी पाहिलाय. जोडीदार असेल तर ती तासाभराची अडचण होते. एकटा असेल तर रात्र काढावी लागते, आणि जानेवारीत रात्री पारा ८-१० अंशांवर येतो. घामानं भिजलेल्या सदऱ्यात ती रात्र फार लांब असते.

तरीही जाणारच असाल तर कागदावर लिहून घरी ठेवा: कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. तोंडी सांगितलेलं घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. गळ्यात शिट्टी ठेवा. एक कोरडा लोकरी कपडा पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, तो चालताना घालायचा नाही.

पायवाट, छत्रपती संभाजीनगर

नाईक काका, तुमचं म्हणणं पटतं, तरी मीही एकटीच जाते. मी बाई माणूस, आधी मैत्रिणी जमवायचे. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं मूल आजारी, असं करत दोन हिवाळे कोरडे गेले. मग निघाले. एकटीनं जाताना माझा पहिला नियम म्हणजे पायथ्याच्या गावात पहिल्या घरी थांबायचं, मावशीला नाव-गाव सांगायचं, कुठं चाललेय ते सांगायचं आणि परतल्यावर तोंड दाखवूनच जायचं. त्या बायका वाट बघतात हो. एकदा मला उशीर झाला तर एक मावशी पोराला घेऊन ओढ्यापर्यंत आल्या होत्या.

कॉपरवायर दादा, तीन गोष्टी सांगते. जानेवारीत गवत वाळून सगळीकडं कुसळं असतात. ती मोज्यातून आत शिरतात आणि दर पावलाला टोचतात. जुन्या जीन्सच्या पायांचे दोन तुकडे कापून बुटावरून घोट्यापर्यंत चढवा, वर-खाली दोरीनं बांधा. वाळलेलं गवत उतारावर तेलासारखं घसरतं, तिथं टाच रोवून चाला. दुसरं, कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, बिडी, धूर, आरडाओरडा काही नको. तिसरं, बूट बरेच महिने कपाटात पडले असतील तर आधी चार दिवस बाजारात घालून फिरा.

खायला धपाटे न्या. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, धपाटे मऊ राहतात.

कॉपरवायर, जालना

सगळ्यांचे मनापासून आभार. सिल्लोडकर भाऊ, क्रम उलटा करतो. नाईक साहेब, कागद लिहून बायकोच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि देवघरात ठेवला. येत्या सोमवारी निघतोय. आल्यावर लिहितो.

कॉपरवायर, जालना

जाऊन आलो. झालं तसं सगळं लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

रविवारी रात्री सिल्लोडला बहिणीकडं मुक्काम केला. पहाटे साडेपाचला निघालो, उंडणगाव, मग घाट. हँडलवर बोटं आखडली होती, वेताळवाडीत पोचलो तेव्हा क्लच सोडता येईना. सात वाजायला आले होते. धरणाच्या पाण्यावर धूर आडवा पसरला होता, वर चढायलाच तयार नव्हता. शेकोटीपाशी एक मामा बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एकलाच हाय का? मंग दिवस बुडायच्या आत ये. गाडीकडं बघतो मी."

सव्वासातला चढायला लागलो. तो सगळा उतार सावलीत. गंमत अशी की पाऊण तास चढल्यावर थंडी कमी झाली. गार हवा जड, ती रात्रभर उतरून खाली दरीत साचते, वरचा डोंगर त्या मानानं उबदार असतो. कानटोपी काढली. पन्नास-साठ पावलांवर मागं वळून एकेक फोटो काढत गेलो, वाट खालून नाही तर वरून कशी दिसते त्याचा.

सव्वानऊला जंजाळ्याच्या वेताळवाडी दरवाजातून आत शिरलो. वर गवत कमरेएवढं, पिकलेल्या गव्हाच्या रंगाचं, वाऱ्यानं एकाच दिशेला झुकलेलं. काठावर थांबून जागा पाठ केली: एक वाकडा पळस, शेजारी ढासळलेली भिंत. एक फोटो काढला आणि निघालो. माणूस एकही नाही. दूर कुठंतरी गुरांच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

घटोत्कच लेणीत उतरलो. आत गारवा आणि वटवाघळांचा वास. वऱ्हांड्याच्या भिंतीवर वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, पाचव्या शतकातला. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं ज्यानं करवलं तोच हा. अक्षरं झिजलीत, मला ती वाचताही येत नाहीत. पण दिवसभर हातानं काम करणारा माणूस म्हणून मी त्या ओळी बघत राहिलो. इतक्या आडजागी कुणीतरी उजेडाकडं पाठ करून, एका हातात छिन्नी धरून, ओळ वाकडी जाऊ न देता हे कोरलंय.

लेणीतून वर येताना उजव्या पायाचा आवाज बदलला. फट, फट. खाली बघतो तर बुटाचा तळ चवड्यापासून मध्यापर्यंत सुटलेला. पायवाट ताईंनी सांगितलं होतं की चार दिवस घालून फिरा, मी फक्त लेस तपासली होती. आतला गोंद पांढरी भुकटी झाला होता, बोटानं घासला की पडत होता.

पिशवीत माझी नेहमीची पक्कड, सुती टेपचा एक रोल आणि १९ गेजची तांब्याची तार होती. ही टेप आम्ही वाइंडिंगच्या गुंडाळ्या बांधायला वापरतो, ती ओढली की आणखी घट्ट बसते. आधी बूट कोरड्या फडक्यानं पुसला, टेप चवड्याभोवती एकावर अर्धी चढवत पाच वेढे घेतली. मग तार तळाच्या खाचेतून नेली, म्हणजे चालताना थेट दगडावर घासणार नाही. वर आणून पक्कडीनं पीळ दिला आणि टोक आत मोडलं. तीन ठिकाणी असं केलं. पंचवीस मिनिटं गेली. ती तार कातळावर दोनदा तुटली, दोन्ही वेळा नवी घातली, पण तळ जागचा हलला नाही.

खरी परीक्षा पुढं होती. काठावर परत आलो आणि वाकडा पळस सापडेना. म्हणजे पळस सापडले, पण सहा, आणि सगळेच वाकडे. सकाळी ऊन पाठीमागून होतं, आता समोरून. तेच गवत वेगळंच दिसत होतं. ढासळलेली भिंत गवतात बुडालेली. डाव्या हाताला एक सुरेख मळलेली वाट खाली जात होती. सिल्लोडकर भाऊ, खरं सांगतो, तुमचं लिहिलेलं वाचलं नसतं तर मी तिला लागलो असतो. पाय वळलेच होते.

तिथं खाली बसलो, पाणी प्यालो आणि सकाळचा फोटो उघडला. झाडाकडं न बघता झाडाच्या मागं बघितलं. फोटोत पळसाच्या बुंध्याच्या बरोबर मागं, दरीपलीकडं, वेताळवाडी किल्ल्याचा एक बुरूज होता. मग काठानं हळूहळू चालत गेलो, प्रत्येक पळसापाशी थांबून त्याच्या मागं काय आहे ते बघत. पहिल्या तिघांच्या मागं नुसता डोंगर. चौथ्यापाशी बुंधा आणि बुरूज एका रेषेत आले. चार पावलांवर भिंत होती. चाळीस मिनिटं गेली होती.

गावात पोचलो तेव्हा अडीच झाले होते. मामांच्या अंगणात धपाटे खाल्ले, त्यांनी ज्वारीचा हुरडा दिला. मग विचार केला. गावातून वेताळवाडीवर चढून उतरायला बुटाची खात्री वाटेना. म्हणून गाडी घाटात नेली आणि रस्त्यालगतच्या वाटेनं वर गेलो. सव्वाचारला जिथं असेन तिथून मागं फिरायचं, हे आधीच ठरवलं.

जंजाळा दरवाजा समोर आला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. दोन्ही बाजूंना शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेत. त्या दारातून आत गेलो आणि दोन्ही दारं एकाच दिवसात झाली. उत्तरेच्या टोकावर बारादरीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. खाली सोयगाव, त्यापुढं खानदेशाचं सपाट रान, निळसर होत गेलेलं. मागं वळून जंजाळ्याच्या काठावर डोळ्यांनी माझी जागा शोधली. एवढ्या लांबून पळस दिसत नाही, पण सकाळी जिथून वर आलो ती घडी दिसते, सावलीची एक बारीक उभी रेघ.

सव्वाचारला मागं फिरलो. पाच वाजून पाच मिनिटांनी गाडीपाशी. तसाच खाली गावात जाऊन मामांना तोंड दाखवलं आणि परत घाट चढलो. उंडणगावला रेंज आली तेव्हा घरी फोन केला. कागदावर लिहिलेल्या वेळेला अजून तास बाकी होता.

वहीत वेताळवाडीपुढं "घाटातून" असं लिहिलंय. खालून चढलो नाही, तर तसं लिहिणं बरोबर नाही. तो पुन्हा करायचाय, गावातून.

पायवाट, छत्रपती संभाजीनगर

दादा, झाडाच्या मागं बघायचं हे मी आजच शिकले. आजवर झाडंच पाठ करत होते. पुढच्या वेळी आम्हा दोघी-तिघींना तिकडं जायचंय. ती जागा नीट सांगाल का? खूण वगैरे केली असेल तर तीही.

सिल्लोडकर

मलाही सांगा, मी पुढच्या आठवड्यात जातोय. तटाचे दगड काढून रास केली नसेल ना, लोक तसं करतात आणि भिंत आणखी ढासळते.

कॉपरवायर, जालना

नाही भाऊ, तटाला हात लावला नाही. वाटेत पडलेले मोकळे दगड घेतले, तीन, मोठ्यावर लहान असे, पळसाच्या बुंध्याला लागून गावाच्या बाजूनं. पण गवतात ते दिसणार नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका. ताई, तुम्ही काठावर आलात की वेताळवाडी किल्ल्याकडं तोंड करा आणि बुंध्यामागं बुरूज येईपर्यंत उजवीकडं सरकत राहा. बुरूज आला की डाव्या हाताला चार पावलं, भिंत पायाला लागेल. बुंध्याला जमिनीपासून हातभर उंचीवर सुती टेपचा एक वेढा आहे, पांढरा. तो माझा आहे. गेलात तर सोडून आणा, झाड वाढेल तसा तो रुतेल.